उपाशी : होय

प्रिय आस्गर,

तुझं भाषण मी पाहिलं. तू पाठवलं नव्हतंस. आमच्या विभागातल्या मेटाने जेवणाच्या सुट्टीत आपल्या फोनवर लावलं आणि टेबलाभोवती फिरवलं, "बघा गं, विबेकेचा मुलगा." दोनशे माणसांचं सभागृह, तुझ्या अंगात नवा निळा कोट, केस मात्र कापलेले नाहीत. मागे पडद्यावर एका मेंदूची दोन चित्रं. एक उपचारांआधीचं, त्यात डाव्या बाजूला लालभडक डाग. दुसरं उपचारांनंतरचं, सगळीकडे शांत हिरवं. तू म्हणालास, "रुग्ण क्रमांक एकतीस. गाठीने साखर खाणं थांबवलं आहे. साध्या एमआरआयमध्ये हे कळायला आणखी चार महिने गेले असते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेटाने माझ्या पाठीवर थाप मारली. मी राय धान्याच्या काळ्या पावाचा उरलेला तुकडा डब्यात ठेवला, डबा बंद केला आणि हात धुवायच्या खोलीत जाऊन उभी राहिले. मला इतका संताप आला होता की नळ कुठल्या बाजूला फिरवायचा तेही सुचेना.

तुमचा एकतीस नंबर म्हणजे आपला शेजारी आयनर. तुमच्यापर्यंत नावं पोचू देत नाहीत, म्हणून तुला ठाऊक नसणार असं मी धरून चालते. मी तुला हे सांगणं नियमात बसत नाही, म्हणून आधी त्याला विचारलं. तो म्हणाला, "सांग की. माझ्या डोक्यात आता लपवण्यासारखं उरलंय काय?" त्याला गाठ आहे, किरणांचे उपचार झाले, हे तुला माहीत होतं. मी फोनवर तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा तू म्हणालास, "अरेरे. येतो एकदा." नाताळाला सहा महिने होत आले, तुझं ते 'एकदा' अजून कोपनहेगनहून निघालेलं नाही.

आता तुझं ते शांत हिरवं चित्र कसं जगतं आहे ते ऐक. गेल्या रविवारी मी त्याच्याबरोबर बंदरावर गेले होते. चाळीस वर्षं बोटी बांधलेला माणूस, डोळे मिटून गाठी मारणारा. दोर हातात घेतला, फास केला, सुटला. पुन्हा केला, सुटला. चौथ्यांदा त्याने दोर तसाच खाली ठेवला आणि मला म्हणाला, "इंगरीद, वारा फिरलाय, घरी जाऊ." त्याच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. मी त्याचा हात धरला. उजवा हात माझ्या हातात नुसता लोंबत होता.

सोमवारी मी डॉक्टर लाउगेच्या दारात उभी. लाउगे आमचा साहेब, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान, सायकलचं हेल्मेट टेबलावर ठेवून बोलतो. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "विबेके, उपचारांनंतर थकवा येतोच. चित्र स्वच्छ आहे." मी म्हटलं, "चित्र स्वच्छ असेल, माणूस बघा." त्यावर त्याने संगणक माझ्याकडे वळवला आणि मला, छत्तीस वर्षं या यंत्रांवर काम केलेल्या बाईला, हिरवा रंग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या हिरव्या रंगाच्या भरवशावर मार्चमध्ये आयनरच्या गोळ्या बंद झाल्या. त्याच भरवशावर पुढची तपासणी ऑक्टोबरमध्ये ढकलली. हा जून आहे. ऑक्टोबरपर्यंत तो राहील की नाही, हा प्रश्न त्या रंगाला कोणी विचारलेला नाही.

तुला या शास्त्रात मी काय शिकवणार. तरी माझ्या भाषेत सांगते, कारण तुमच्या भाषेत सांगितलं की सगळं कसं आपोआप झाल्यासारखं वाटतं. माणूस उपाशीपोटी येतो. त्याला खूण केलेल्या साखरेचं पाणी द्यायचं. मग ती साखर मेंदूत कुठे गेली आणि तिचं काय झालं ते यंत्रातून बघायचं. जिवंत गाठ ती साखर हावऱ्यासारखी खाते आणि तिचं आम्ल करून ठेवते. मेलेली गाठ खात नाही. पण त्या खुणेचा आवाज इतका क्षीण की कच्चं चित्र म्हणजे नुसती रवाळ धूळ. तिथे तुझा प्रोग्राम येतो. त्याने हजारो मेंदू पाहिलेले, त्यामुळे कुठला कण खरा आणि कुठली धूळ हे तो ठरवतो आणि झाडून लख्ख करून देतो. मार्चमध्ये मी आयनरचं कच्चं चित्र पाहिलं होतं. डाव्या कडेला, जिथे आधी लाल डाग होता तिथेच, थोडा रवा दाट दिसत होता. मी तुला त्याच दिवशी फोन केला होता, आठवतं का? कोणाचं चित्र ते सांगितलं नाही, एवढंच विचारलं की अशा दाट रव्याचं काय करायचं. तू बाजारात होतास, मागे सायकलची की कसलीशी घंटा वाजत होती. तू म्हणालास, "आई, ती धूळ आहे. प्रोग्रामवर विश्वास ठेव ना." मी ठेवला.

आणि नाताळात तू काय म्हणाला होतास? बदक कापून झालं होतं, लाल कोबी दुसऱ्यांदा वाढला होता, आयनर तुझ्या समोरच बसला होता, डोक्यावर लोकरी टोपी, कारण किरणांनी केस गेलेले. खिरीतला एकुलता बदाम, ज्याला सापडेल त्याला बक्षीस, त्याला मिळाला आणि त्याने तो गालात दडवून सगळ्यांना शेवटपर्यंत खीर खायला लावली. तेव्हा त्याने तुला सहज विचारलं, "काय रे, तुझं यंत्र कधी चुकतं की नाही?" आणि तू, दोन ग्लास दारूनंतर, म्हणालास, "काका, आम्ही त्याला अर्धीच माहिती दिली तरी ते पूर्ण चित्र उभं करतं." उचलली जीभ लावली टाळ्याला. तुला वाटलं म्हातारी माणसं आहेत, जेवणाच्या टेबलावर काय एवढं. पण म्हातारी माणसं ऐकत असतात, आस्गर. मी ते वाक्य जपून ठेवलं, आणि वेळ आली तेव्हा वापरलं. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण लिहायला धीर गोळा करावा लागतो आहे.

तुझे वडील नॉर्वेला निघून गेले त्या वर्षी तू सात वर्षांचा होतास आणि तीन महिने शाळेत एक शब्द बोलला नाहीस. बाई मला बोलावून सांगायच्या, मी कामावरून धावत यायची. मग एका शनिवारी आयनर दारात आला, म्हणाला, "पोरगं दे माझ्याकडे, मला दोर धरायला माणूस हवाय." त्याला माणूस बिणूस काही नको होतं. तू त्याच्या गोदीत उलट्या होडीखाली बसून गाठी शिकलास. तुझी प्रत्येक गाठ तो हाताने ओढून बघायचा आणि म्हणायचा, "दिसायला झकास आहे. आता वजन टाकू." वजन टाकल्याशिवाय त्याने तुला कधी शाबासकी दिली नाही. आज तू शाबासकी घेतोस ती दोनशे अनोळखी लोकांकडून, त्याच्याच मेंदूचं चित्र दाखवून, आणि ते चित्र कोणीही ओढून पाहिलेलं नाही. हे मला सहन होत नाही.

इथवर वाचून तुला वाटेल, आईला सगळ्यांचा राग आला आहे. आला आहेच. तुझा आला आहे, लाउगेचा आला आहे, आणि ज्या शहाण्यांनी फेब्रुवारीत बोटाला सुई टोचून साखर बघायचं बंद केलं त्यांचाही आला आहे. रुग्ण फॉर्मवर सांगतोच की उपाशी आहे, मग टोचायचं कशाला, वेळ वाचतो, असं त्यांनी ठरवलं. पण चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं माझं होऊ नये म्हणून आता खरं लिहिते.

आयनरची तपासणी चौदा मार्चला होती. चौदा मार्च, माझा साठावा वाढदिवस. धुळीच्या त्या फोननंतर संध्याकाळी तू शुभेच्छांचा फोन केलास तो दिवस. आपल्याकडची रीत, ज्याचा वाढदिवस त्याने खाऊ आणायचा; मी पहाटे उठून वेलचीचे पाव भाजले आणि तीन थरांचा केक नेला. मेटाने टेबलावर छोटे कागदी झेंडे लावले. सगळे हातात बशी घेऊन उभे होते आणि काचेच्या दाराबाहेर बाकावर आयनर बसला होता, तासभर लवकर आलेला. सहा महिन्यांत त्याचं बारा किलो वजन उतरलं होतं. काही खायचा नाही. मी सूप घेऊन जायची, तो चमचा बुडवून ठेवायचा. त्या दिवशी त्याने काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला, "विबेके, तो वास वेलचीचा ना? मला दे की एक." सहा महिन्यांत त्याने पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं, आस्गर. मी त्याला एक पाव दिला. लोणी लावून दिला. मग केक दिला. त्याने बशी चाटूनपुसून साफ केली आणि म्हणाला, "साठीची झालीस, पण हात अजून चांगला आहे." मी हसले. मला इतका आनंद झाला होता की आपण काय केलं ते कळायला मला दहा मिनिटं लागली.

नंतर फॉर्म भरायची वेळ आली. टचस्क्रीनच्या पाटीवर प्रश्न, रुग्ण उपाशी आहे का. 'नाही' दाबलं असतं तर त्याची वेळ गेली असती आणि पुढची वेळ सात आठवड्यांनी होती. मला तुझं नाताळातलं वाक्य आठवलं. अर्धी माहिती दिली तरी पूर्ण चित्र उभं करतं. एक पाव, एक केक, म्हटलं इतकं हुशार यंत्र हे सांभाळून घेईल. मी 'होय' दाबलं. माझ्या केकातली साधी साखर त्याच्या रक्तात भरली, खुणेची साखर तिच्यात पातळ झाली, गाठीचा आवाज आणखी बारीक झाला. जो काही उरला, तो तुझ्या प्रोग्रामने धूळ म्हणून झाडला. तुझ्या प्रोग्रामला मी खोटं सांगितलं आणि त्याने ते इतकं सुंदर रंगवून परत दिलं की मी स्वतःच त्यावर तीन महिने विश्वास ठेवला. दिसत असूनही ठेवला, कारण ते खोटं निघालं तर दोष माझा होता.

काल मी लाउगेला सगळं सांगितलं. त्याने हेल्मेट उचलून खाली ठेवलं. मग, त्याचं श्रेय त्याला देते, त्याने तिथल्या तिथे मंगळवारी सकाळी आठची वेळ काढली. चौकशी होईपर्यंत मला विभागात यायचं नाही आणि आयनरच्या जवळपासही फिरकायचं नाही. बरोबर आहे ते. छत्तीस वर्षांच्या नोकरीचं काय होईल ते होईल. तो माझा प्रश्न आहे, तू त्यात पडू नकोस, आणि माझी कीव तर मुळीच करू नकोस.

हे पत्र मी ज्यासाठी लिहिते आहे ते असं. मंगळवारी तुझं बर्लिनला भाषण आहे आणि तिथेही तू एकतीस नंबर दाखवणार आहेस, हे मेटाने सांगितलं. ते रद्द कर. सोमवारी दुपारच्या गाडीने आयनरकडे ये. किल्ली जुन्याच जागी, उलट्या होडीच्या ताडपत्रीखाली आहे. आता त्याच्या लक्षात काही राहत नाही. उपाशी राहायचं हे त्याला दहा मिनिटांपूर्वी सांगितलं तरी तो विसरतो. सवयीने तो पाच वाजता उठेल आणि पावाच्या डब्याकडे जाईल. तू डब्यापाशी बस. तो चिडेल, शिव्या देईल, मग का म्हणून विचारेल आणि तू सांगितलेलं पुन्हा विसरेल. तू पुन्हा सांग, जितक्यांदा लागेल तितक्यांदा, आवाज न चढवता. साडेसातला त्याला गाडीत बसव. आणि तिथे पाटीवर तो प्रश्न विचारतील, रुग्ण उपाशी आहे का, तेव्हा 'होय' तू दाब, कारण तू ते डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

तुझीच, अजून रागावलेली,
आई