ठेवणीतली साडी

बुधवार, पुणे. ऑफिसातून आल्यावर.

फोनला सगळ्यांची मराठी समजावी म्हणून आमची टीम आवाज गोळा करते. परवा गावाकडं, चकलांब्याला गेलतो, तेव्हा आईचा आवाज भरून आणला. नुसता आवाज पाहिजे होता, तरी ती ठेवणीतली साडी नेसून बोलायला बसली.

आज मीटिंगमध्ये तो आवाज ऐकून आमचा टीमप्रमुख सुनीलदादा म्हणाला, "ही भाषा अशुद्ध आहे. काढून टाका." दादा आमच्याच जिल्ह्यातला, युसूफ वडगाव या गावचा. त्यानंच मला ही इंटर्नशिप मिळवून दिली, आपल्याकडचं पोरगं पाहिजे म्हणून. मग असं कावून म्हणला? आणि मी गप्प कावून बसलो?

बाहेर आल्यावर खांद्यावर हात टाकून म्हणतो, "लई मनावर घेऊ नको बे." ते बी आईच्याच भाषेत.

आत्ता आईचा फोन आलता. "आवडलं का सायबाला? आणखी बोलायचं आसंल तर सांग. साडी बाहेरच ठेवली हाय."