पाहुण्यांची एकेक चप्पल

आत्याबाई, सगळ्यांत आधी मुलाची मावशी आली. पायरी चढायच्या आतच विचारते, "मुलगी खाली बसून लोकांच्या पायात चपला घालते म्हणे, खरं का?" मागून मुलगा आणि त्याची आई. तुमच्या पणतीला बघायला आली होती मंडळी. माझी नात द्वारका चौकाजवळच्या चपलांच्या मोठ्या दुकानात आहे, आता चौघं तिच्या हाताखाली आहेत. मला त्याचा कोण आनंद, गल्लीभर पेढे मीच वाटले. पण मावशीचं ते ऐकलं आणि दारात मला तुम्हीच दिसलात.

सासूवर राग धरू नये म्हणतात, त्यातून गेलेल्या. पण उतरतच नाही. तुमचा मुलगा अंथरुणाला खिळला तेव्हा मी चपलांच्या दुकानात लागले. दिवसभर उभं राहायचं, माळ्यावरून खोकी काढायची, गिऱ्हाईक सगळे जोड बघून म्हणणार, रंग नाय आवडला. शाळा सुरू होताना तर गर्दीत डबा न उघडता तसाच घरी यायचा. आले की तुम्ही उंबऱ्यात. "परक्यांच्या पायाला हात लावून आलीस, चुलीकडे फिरकू नको. आधी अंघोळ." ऐन थंडीत, मागच्या मोरीवर, गार पाण्यानं. आणि त्याच पगाराची भाकरी तुम्हाला गोड लागायची. त्या पैशाला विटाळ नव्हता का? एकदा एक बाळ आयुष्यातले पहिले बूट घालून माझं बोट धरून दुकानभर चाललं. तुम्हाला सांगणार होते. पण कुडकुडत काय सांगणार.

तर मी दाराशी बसलेय. मुलाची आई चहा फुंकत म्हणते, "पोरगी आवडली हो आजी. तेवढं दुकान सोडलं म्हणजे झालं. आमच्यात नाही चालत." मुलगा कपात बघतोय. माझं डोकं तापलं आणि हात आपले चपला आवरायला लागले. दुकानात जोडीतली एकच बाहेर मांडतात, दुसरी खोक्यात, म्हणजे कोणी पळवत नाही. मीही तसंच केलं. एकेक दारात ओळीनं, दुसरी पत्र्याच्या पेटीत.

निघताना सगळे एका पायावर. मावशी म्हणते, "कुत्र्यानं नेल्या की काय?" नातीनं माझ्याकडे पाहिलं, हसू दाबत पेटी उघडली, चपला जोडीनं मांडल्या. मग सरळ उभी राहून म्हणाली, "काकू, मी दुकान सोडणार नाही. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

"मला चालतं," मुलगा म्हणाला.

"तुला कोणी विचारलं?" आई त्याच्यावर खेकसली. मग माझ्याकडे वळली. "फटकळ आहे हो तुमची नात."

मी म्हटलं, "आमच्याकडे हे बोलायला लय वर्षं लागली, बाई."

ती चप्पल घालत बसली, बराच वेळ. उठून म्हणाली, "रविवारी ह्यांना घेऊन येते."

"रविवारी दुकानात गर्दी असते काकू. माझी सुट्टी मंगळवारी."

हे पत्र कुठं धाडणार, पिठाच्या डब्याखाली राहील. एक मात्र तुम्हालाच सांगते. चपला सवयीनं ठेवल्या असं मी सगळ्यांना सांगितलं. मावशीची आणि मुलाची सवयीनंच गेली. त्या आईची मी मुद्दाम, पार तळाशी, गोधडीखाली दाबली.

मंगळवारी येतो म्हणालेत.