सुमा लिबियाला चालली

३ एप्रिल १९८४, वाशी
हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून आल्या आल्या सुमा म्हणाली, चालताना खाली घासतं, बसलं तरी आग होते, आजचं नाही हे. म्हटलं, उन्हाळा आहे, पावडर लाव. लगेच सेक्टरच्या मार्केटातून मोठा डबा आणून दिला. माझ्याकडे उपाय तयार असतात. नशीबवान आहे बाई.

९ एप्रिल
मेव्हणी नंदिनी आली होती. स्वयंपाकघरात दोघींची कुजबुज. मी चोरून ऐकत नाही. पाणी प्यायला गेलो होतो. सुमा सांगत होती, लेबियाचं नक्की केलं, मोठ्या डॉक्टरीणबाईंशी बोलले, रजाही टाकली, ह्यांना सांगितलं नाही. मला बघून नंदिनी चिरलेली भेंडी परत चिरायला लागली.
लेबिया म्हणजे लिबिया. केरळी सिस्टरांच्या संगतीनं सुमाचे उच्चार बिघडलेत. त्यांच्यातल्या दोघी गेल्याच वर्षी तिकडे नोकरीला गेल्या. पगार चौपट.

१० एप्रिल
निश्चय: खंबीर राहायचं. विचारायचं नाही. तिनं आपणहून सांगायला हवं.

१३ एप्रिल
तळमजल्यावरचे जयप्रकाश लिबियात राहून आलेत. सहज म्हणून चौकशी केली. म्हणाले, नुसतं वाळवंट, घासाघासाला वाळू. आणि गेलेलं माणूस परत येतं ते पाहुणा होऊन.
वर आलो. खाडीवरचा वारा सुटला होता. टेबलावरून बोट फिरवलं तर वाळूच लागली. धूळ असेल. तरी टेबल दोनदा पुसलं.

१७ एप्रिल
सुमा घरात फार हळू चालते. निघायच्या आधी माणूस घर डोळ्यांत भरून घेत असणार. बाल्कनीत तिची साडी हलली नि मी दचकलो. ती शेजारच्या खोलीत असतानाच घर रिकामं वाटायला लागलंय. सारखं लिबिया, लिबिया ऐकू येतं. नळातूनसुद्धा.
एकट्यानं भेंडी करून पाहिली. करपली. स्वयंपाक शिकणं सोमवारपासून.

२१ एप्रिल
सहन होईना. तडक हॉस्पिटल गाठलं. केबिनमध्ये डॉक्टरीणबाईंसमोर सुमाच बसलेली. बरंच झालं. मी ठणकावून सांगितलं, माझी परवानगी नाही. तिथं पाणी नाही, काही नाही, सगळं वाळवंट. आमचे जयप्रकाश दोन वर्षं राहून आलेत तिथं.
बाईंनी चष्मा काढला. सुमानं तोंडाला पदर लावला.
मग बाईंनी समजावलं. लेबिया म्हणजे बाईच्या योनीमुखाच्या बाहेरच्या कडा. प्रत्येकीच्या वेगळ्या, दोन बाजूही सारख्या नसतात, त्यात कुरूप काही नाही. नवरा काहीबाही बोलला म्हणून कापून घ्यायला येतात त्यांना बाई समजावून परत पाठवतात. व्रण राहू शकतो, संवेदना कमी होऊ शकते. पण सुमाला चिमटा बसतो, सुजतं, दिवसभर वॉर्डात उभं राहायचं. तिनं सगळं समजून ऑपरेशन ठरवलंय.
तुम्ही तिला कधी काही बोलला नाहीत ना, बाईंनी विचारलं. छातीठोकपणे नाही म्हणालो. सुमा म्हणाली, हे काहीच बोलत नाहीत.

२६ एप्रिल
ऑपरेशन नीट झालं. सुमा घरी. बर्फाची पिशवी देतोय. वरणभात जमला.
खाली जयप्रकाशांनी सुमा लिबियाला चालली असं सोसायटीभर केलंय. संध्याकाळी बायका नारळ-पेढे घेऊन निरोप द्यायला आल्या. सुमा पडल्या पडल्या मला म्हणाली, राहू द्या, लिबियाच बरं.

२७ एप्रिल
धीर करून विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, सांगितलं होतं. पावडर आणलीत.
मग म्हणाली, मी तुम्हाला सोडून चालले असं वाटत होतं, तरी एकदाही विचारलं नाहीत?
पंखा वाढवू का म्हणालो.