काचेखालचा बल्ब

आई, आज कारखान्यात नव्यानं लागलेल्या मुलीनं दुसऱ्याचं ड्रॉइंग संगणकावर जसंच्या तसं उचलून मला दाखवलं. झापायला तोंड उघडलं आणि तुझा बल्ब धरलेला हात आठवला. मग कसली झापते! "परत काढ" एवढंच म्हणाले आणि चहाला निघून गेले.

तुला जाऊनच आता चौदा वर्षं झाली, ही तर त्याच्याही आधीची गोष्ट. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी आपल्या शोकेसची काच काढून दोन पिठाच्या डब्यांवर ठेवली होती. काचेवर मैत्रिणीची पूर्ण झालेली ड्रॉइंगची शीट, तिच्यावर माझा कोरा कागद, आणि काचेखाली तू, हातात होल्डरसकट बल्ब. खालच्या रेघा वर दिसायच्या, मी त्या गिरवायचे. हात भाजला की तू होल्डर पदरानं धरायचीस. "लय अवघड शिक्षान हाय बाई तुजं," म्हणायचीस आणि मी खुशाल मान डोलवायचे. त्यातलीच एक शीट तू सांगलीहून फ्रेम करून आणलीस आणि बाहेरच्या खोलीत लावलीस. परीक्षेत मात्र कागदाखाली बल्ब नव्हता. चार विषय राहिले, वर्ष गेलं.

ते वर्ष मी घरीच काढलं. कॉलेजात वर्ग नाही, गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. दूध आणायला गेलं तरी कुणीतरी विचारणारच, "सुट्टी हाय व्हय गं?" अण्णा फौजेतून रजेवर आले आणि त्यांनी हुकूमच सोडला. शिक्षण पुरे, आता स्थळं बघायची. औंधकडचं एक स्थळ आलं. मुलाच्या वडिलांचं कुपवाडला लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन येते आणि नेमकी त्या फ्रेमखाली बसते. तू कौतुकानं सांगतेस, "समदं हातानं काढलंय तिनं. मी सोता काचंखाली बल्ब धरलाय." मुलाच्या वडिलांच्या हातातला चमचा थांबला. माझ्याकडे बघून हसले. "काचंवर गिरवलंय व्हय? आसू दे. आमच्यात काय ड्रॉइंग काढायचंय तिला." आणि पसंती सांगून गेले. त्या हसण्यापेक्षा ती पसंतीच मला जास्त लागली. बाहेरून कडी घातल्यासारखं वाटलं.

तू पोह्यांच्या बश्या घासत होतीस. मान वर न करता विचारलंस, "म्हंजी मी चोरीला दिवा धरला व्हय गं?" ओरडली असतीस तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी फ्रेम उतरवून आतली शीट तू गादीखाली घातलीस आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवलास. "पुस्तक बगून तीच काढ. जमलं तर तुज्या बापाला मी बगती. न्हाई जमलं तर गप बोहल्यावर हुबी ऱ्हा."

दोन दिवस मी स्वयंपाकघरात फरशीवर पालथी पडून रेघा ओढत होते, खोडत होते. शेजारी तू भाकरी थापत होतीस. तिसऱ्या दिवशी दुपारी तू जुनी शीट काचेवर ठेवलीस, वर माझी ठेवलीस आणि बल्ब माझ्या हातात दिलास. वाकून बघितलंस. "जुळंनात गं रेघा," म्हणालीस आणि कितीतरी दिवसांनी हसलीस. "म्हंजी ही तुजी हाय." तशीच शीट घेऊन अण्णांपुढे उभी राहिलीस. "आवं, पोरीला येतंय. न्हाई म्हणून कळवा त्यास्नी." अण्णांनी कळवलं, पण रजा संपेपर्यंत तुझ्याशी धड बोलले नाहीत. पुढच्या परीक्षेत माझे सगळे विषय सुटले. आता मी कुपवाडलाच ड्रॉइंग तपासते.

हे लिहिलं खरं, पण तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुझ्या तोंडावर ते मला जमलं नसतं. आई, रेघा जुळत नव्हत्या, कारण माझी शीट चुकली होती. एक बाजू मी साफ उलटी काढली होती. बल्ब माझ्याच हातात होता, मला तेव्हाच दिसलं. तू शीट घेऊन अण्णांकडे निघालीस आणि मी गप्प बसले.