नेस्टामावशीच्या दाराशी घोडी

एम्लिनकाकांना,

रोज लिहायचं ठरवतो आणि रोज कुठेतरी भटकत सुटतो, म्हणून उशीर. परवा तर शाई आणायला गेलो आणि मेंढ्यांच्या बाजारातच रमलो.

लिव्हरपूलला जाताना तुम्ही म्हणालात, "आता नाताळात गावात घोडी निघायची नाही. दारोदार कवनं जोडणारा उरलाय कोण?" काका, आज घोडी निघाली. काठीवर बसवलेल्या घोड्याच्या कवटीला पांढरी चादर आणि रिबिनी मीच बांधल्या, गाणाराही मीच.

नेस्टामावशीनं रीतीप्रमाणे दार लावून घेतलं; कवनाला कवनानं उत्तर सुचलं नाही तो हरला, आणि आतला हरला तर दार उघडून घोडीवाल्याला खाऊ घालायचं. मी तुमची सगळी कवनं म्हटली, तिनं आतून सगळ्यांना उत्तरं दिली. मग म्हणाली, "काकाचं उष्टं संपलं असेल तर हरलास, बाळा. जा घरी." मागे सगळं गाव उभं होतं. मी तिथल्या तिथे आपल्या वेल्शमध्ये जोडलं:

"गाव सोडलं, देश पाहिले, दारं पाहिली फार;
मुकी बाई अन् बंद कडी, असलं एकच दार."

आतून उत्तर आलंच नाही. मग कडी वाजली. "ये मेल्या, केक खा," मावशी म्हणाली. आपली घोडी जिवंत आहे काका, हे मी ताठ मानेनं सांगतो.

हे तिच्याच टेबलाशी बसून लिहितोय. आत्ता बाहेर कुणीतरी घोगऱ्या आवाजात कवन सुरू केलंय. मावशी खिडकीतून बघून म्हणते, "अरे, एम्लिन आलाय, बॅगेसकट."

मी दार उघडायला उठलो, तर तिनं हात धरला. बरोबरच आहे. आता तुम्ही बाहेर आणि मी आत, तेव्हा आधी माझं उत्तर ऐका.

दारामागून,
तुमचा गेथिन