माझे घर आणि माझा शेवट मेहुणीच्या स्वाधीन

मी, खाली सही करणारा निवृत्त डॉक्टर, वय वर्षे एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाविना व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. तो देणाऱ्या तरुण डॉक्टरांनी मला माझे नाव, आजचा वार आणि सात अधिक पाच किती हे विचारले. त्यांच्या दाखल्यातील शुद्धलेखनाच्या चुका दाखवून मी तो त्यांना पुन्हा लिहायला लावला. माझ्या बुद्धीचा याहून चांगला पुरावा मजजवळ नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. मला दोन अपत्ये आहेत : मुलगा हृदयरोगतज्ज्ञ, मुलगी मूत्रपिंडतज्ज्ञ. घर किंवा पैसा यांपैकी काहीही त्यांना मिळणार नाही. कारण देणे बंधनकारक नाही. तरीही देतो, कारण न दिल्यास ती दोघे स्वतः एखादे तयार करतील आणि त्यात कर्त्याची व क्रियापदाची गाठ पडणार नाही.

२. माझी पत्नी अंथरुणाला खिळली तेव्हा माझेही खुब्याचे हाड मोडले होते. एकाच खोलीत आमचे दोन पलंग होते. ती वाचणार नाही हे घरातील तिन्ही डॉक्टरांना ठाऊक होते. तिला ते आमच्याआधी कळले होते. मुलाने तिच्या उशाशी नाडी व रक्तदाब दाखवणारे पडद्याचे यंत्र बसवले. तो येई, तिच्याकडे पाठ करून पडदा वाची आणि म्हणे, "आई, आकडे छान आहेत हं तुझे."

"मग त्यांनाच घेऊन जा घरी," ती एकदा म्हणाली. "मला तहान लागलीय."

मुलाचा हुकूम : हृदयावर भार नको, पाणी मोजकेच. मुलीचा हुकूम : मूत्रपिंडे सुकत आहेत, पाणी भरपूर. पगारी परिचारिका दोघांनाही भिई. निकाल लागेपर्यंत तिने पाणीच बंद ठेवले आणि ओठांवरून ओला कापूस फिरवला. तिच्यावर माझा राग नाही. निकालासाठी भावंडांनी बैठक ठरवली आणि आपापल्या परिषदांमुळे दोनदा पुढे ढकलली. मी पलंगावरून ओरडलो, तेव्हा "बाबा, तुमच्या काळातलं वैद्यक वेगळं होतं," असे मला ऐकवण्यात आले. वेगळे होते खरे. आम्ही रुग्णाला विचारत असू.

३. बैठक अखेर भरली त्या दिवशी माझी मेहुणी, म्हणजे पत्नीची धाकटी बहीण, बॅग घेऊन दारात उभी राहिली. ही बाई मला कधीही आवडली नाही. ती दारे आपटते, मोठ्याने बोलते आणि सुरू केलेले वाक्य संपवीत नाही.

"दादा, तू हार्ट बघ. किडनी माझी आहे," मुलगी म्हणत होती.

"आणि बाई कुणाची गं?" मेहुणीने विचारले. तिने बहिणीला उठवून बसवले आणि पेला तोंडाला लावला.

"मावशी, अगं याचा परिणाम काय होईल, कळतंय का तुला?" मुलगा ओरडला.

"मरेल. तुम्ही काय वेगळं ठरवलंय?"

पत्नीने पेला संपवून आणखी मागितले. पुढे ती थोडेच दिवस जगली. त्या दिवसांत खोलीत भांडण झाले ते फक्त दोघी बहिणींचे, लहानपणीच्या कुठल्याशा फ्रॉकवरून.

४. सबब माझे राहते घर, सामानासह, मेहुणीस मिळावे. दारे आता तिचीच आहेत.

५. बँकेतील ठेवी सार्वजनिक रुग्णालयास द्याव्यात, केवळ वॉर्डांत पिण्याच्या पाण्याची सोय करण्यासाठी. माझ्या नावाचा फलक लावू नये. फलक रंगवणाऱ्यांना ऱ्हस्वदीर्घाचे वावडे असते.

६. माझा स्टेथोस्कोप मुलास द्यावा. त्याचे दुसरे टोक माणसाला लावायचे असते. रुग्णाशेजारी बसण्याचे माझे स्टूल मुलीस द्यावे. त्यावर बसल्यास रुग्णाचा चेहरा दिसतो.

७. माझ्या अखेरच्या आजारात, मला बोलता येत नसल्यास, उपचार करावेत की थांबवावेत हे मेहुणीने ठरवावे. मुलांना खोलीत येऊ देऊ नये. मृत्युपत्र मृत्यूनंतरच बोलू लागते हे मी जाणतो. म्हणून याच आशयाचे अधिकारपत्र वेगळे केले आहे. हे कलम मी तिला वाचून दाखवले.

"घर देताय तर घेईन, भावोजी," ती म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. ऐन वेळी घाबरलात आणि पोरांना बोलवा म्हणालात, तर मी बोलावणार. हा कागद काही का म्हणेना."

"मी तसे म्हणणार नाही."

"ताई पण नव्हती म्हणणार. म्हणाली. 'पोरांना बोलव,' तुम्हाला एक्स-रेला नेलं होतं तेव्हा. दोघं आली, तिचे पाय चेपत बसली. तुमचा स्ट्रेचर जिन्यात वाजला तशी उठून गेली."

हे मला ठाऊक नव्हते. त्यामुळे कलम १ बदलावे असे मला वाटत नाही. मेहुणीची अट मला अपमानास्पद वाटते. ती मान्य आहे.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२६, सोमवार
मृत्युपत्र करणाऱ्याची सही

त्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर केली :
१. सही, कोपऱ्यावरचे औषधविक्रेते
२. सही, वरच्या मजल्यावरील निवृत्त मुख्याध्यापिका