एका कीबोर्डवर दोन कान

३ मार्च १९९२, मेहरूण
यशोदे, लिही. काल काय ठरलं ते विसरली असशीलच. चहात साखर टाकली की नाही हेही सुनेला आठवत नाही. ठराव: दाराशी आलेल्याशी तूच बोल. मी मध्ये तोंड घालणार नाही. कधी घातलंच नाही.

५ मार्च
यशोदेच्या मुलाचा, माझ्या नातवाचा, पंडितचा कॉम्प्युटर बघितला. शी! खोलीबाहेर चपला काढायच्या, आत नुसता डबा. केळी संघाचे चेअरमन रुपचंदनाना, त्यांना हा चालवून दाखवला, की संघात नोकरी पक्की. पंडितने त्यात हुकूम घेणारा प्रोग्राम लिहिलाय, त्याला शेल म्हणतात. म्हणे ती आई. हुकूम मिळाला की पोर, म्हणजे दुसरा प्रोग्राम, जन्माला घालते, कामाला लावते, नि त्याचं उरकेपर्यंत गप्प. कीबोर्ड दोघांत एकच, म्हणून. धडधाकट बाई रिकामी बसते? किळस आली. म्हटलं, तिलाही ऐकू दे, काम दुप्पट होईल.

६ मार्च
पंडितने आईचं थांबणं काढून टाकलं. डोकं माझं.

१० मार्च
यावलला संघाच्या ऑफिसात नानांसमोर पंडितची शोभा झाली. ट्रकचा नंबर टाइप केला, तो पोराने घेतला. शेतकऱ्याचं नाव टाइप केलं, ते आईने झडप घालून घेतलं. म्हणाली, झुलाल नावाचा हुकूम माहीत नाही. मग वजन पोराने नाव म्हणून लिहिलं. नाना म्हणाले, आधी मायलेकाचं भांडण मिटवा, शुक्रवारी या. पंडितने थांबणं परत घातलं. मी हेच सांगत होते.

११ मार्च
संघाचा शिपाई भिकन नानांचा निरोप घेऊन दाराशी आला. यशोदा गच्चीवर वाळवणाचे बिबडे घालत होती. मी तोंड घातलं नाही. फक्त ‘कधी यायचं?’ एवढंच विचारलं. शुक्रवार नाही, उद्याच, म्हणाला. यशोदेने वरून ‘कुठे यायचं?’ विचारलं, तिलाही काही बोलला. जाताना म्हणे, बठ्ठं सांगी दिधं शे, म्हणजे सगळं सांगून झालं. मी पंडितला दिवस सांगितला.

१२ मार्च
पंडित यावलला. नाना चोपड्याला! गावाचं नाव यशोदेकडेच राहिलं. ती म्हणते, आत्याबाईंनी, म्हणजे मी, सांगितलं असेल असं वाटलं. हे काय वाटणं? धावत एस.टी. पकडून पोचला बिचारा. मशीन नीट चाललं, आई गप्प बसली. नोकरी पक्की, चोपड्याला.

१५ मार्च
आज शेजारची मंजुळाबाई लिहिते. पंडित चोपड्याला राहायला गेला, यशोदेला घेऊन. मला म्हणाला, आजी, एका दाराला एकच कान बरा. आता दार माझं एकटीचं. दिवसभर बसले. कुणी आलं नाही.
मंजुळे, यशोदेला कळव: बामणोदच्या वांग्यांचं भरीत पाठव, हिरवी मिरची घालून, नि दोन कळण्याच्या भाकरी.